न बोलणारा पेशंट

सुईला न घाबरणारी माणसं जगात कुठे कुठे असतील ती असोत, पण पिंपळगाव राजा आणि आसपासच्या खेड्यांत जेवढी आहेत तेवढी सगळी आमच्या भाऊजींनी घडवलेली आहेत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि गावातल्या दवाखान्याचे कंपाउंडर. दवाखाना डॉक्टरांचा आहे असं पाटीवर लिहिलंय खरं, पण गावाचा त्यावर फारसा विश्वास नाही. लोक डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतात आणि भाऊजींकडून सुई.

सुई देण्याची त्यांची तऱ्हाच निराळी. आधी विचारणार, "कोन्या गावचे हो?" गाव कळलं की त्या गावाची खोडी काढणार. वडनेर भोलजीचा माणूस असला की दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवत म्हणणार, "तुमच्याकडच्या लग्नात वरन लय पातय होतं म्हनते. पत्रावयीतून वाहून जाये!" माणूस उसळतो, "कोन म्हनते? नाव सांगा त्याचं!" तो नाव विचारतोय तोवर भाऊजी दंड चोळत म्हणतात, "झालं. उठा." सुई कधी गेली ते त्याला कळत नाही, वरणाचा अपमान मात्र घरी पोचेपर्यंत ठणकत राहतो. लहान मुलांना ते स्वतःचं गाव विचारत नाहीत, मामाचं विचारतात. मामाच्या गावाला नावं ठेवलेली कुठलंही पोर खपवून घेत नाही, आणि भांडायच्या नादात रडायचं विसरतं.

हे सगळं मोठ्या डॉक्टरांच्या राज्यात खपलं. ते वारले आणि त्यांची मुलगी, आमच्या डॉक्टरीणबाई, खुर्चीवर बसल्या. बाई गोड बोलणाऱ्या, पण नियमाच्या पक्क्या. एक दिवस भाऊजींना म्हणाल्या, "काका, तुम्हाला काढायचं माझ्या मनातसुद्धा नाही. पण वैद्यकीय सहायकाचं प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने पेशंटला हात लावायचा नाही, असं आता ठरलंय. परीक्षा द्या. पास झाला नाहीत तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." बाईंचं काही चुकलं नव्हतं. भाऊजी सुईचं टोपण दातांनी काढतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या दिवसापासून घरात कुणाला धड घास गिळवेना. सुई हातातून गेली तर नवऱ्यात उरणार काय, ही ताईची धास्ती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. भाऊजी इरेला पेटले. सवय व्हावी म्हणून हातमोजे घालून भाकर मोडू लागले. ताई वरणाला फोडणी देत असताना तिची नाडी बघू लागले. टोपण दाताला लावायचं नाही म्हणून तोंडात सुपारी धरून सराव करू लागले. खामगावच्या प्रशिक्षण केंद्रातला लेखी पेपर त्यांनी चक्क चांगला सोडवला. आता उरली प्रात्यक्षिक परीक्षा, आणि ती तर त्यांच्या हातचा मळ, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

प्रात्यक्षिकाला टेबलावर रबरी पुतळा निजवलेला होता. मी दाराच्या काचेतून बघत होतो. भाऊजींनी हात धुतले, हातमोजे चढवले, औषध भरलं, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग सवयीने पुतळ्याला विचारलं, "कोन्या गावचे हो?" आणि थांबले. परीक्षक मुलगी म्हणाली, "काका, तो बोलणार नाही. पुढे चला." भाऊजींनी सुई दंडाजवळ नेली आणि त्यांचा हात तिथेच अडकला. शेवटी त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मान खाली घालून बाहेर आले. नापास. आणखी एक संधी मिळणार होती, तीच शेवटची.

परतीच्या एसटीत मी चिडून म्हणालो, "भाऊजी, रबर होतं हो ते! रबराचं गाव कशाला विचारता?"

भाऊजींनी तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मोठ्या डॉक्टराची शेवटी वाचा गेली होती, तुले ठाव हाये. सुई मीच देऊन राह्यलो होतो. रोज इचारो, साहेब, कोन्या गावचे? रोज वाटे, आज तरी शिवी देतीन. एका दिवशी सुई देली अन् त्याहीनं डोये मिटले, ते मिटलेच. तवापासून समोरचा बोलला नाही तं माहा हात नाही उचलत."

या माणसाच्या बडबडीला आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो होतो, आणि मोठे डॉक्टर गेल्यापासून तिच्या तळाशी एवढी भीती बसली असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ताईही सोबत आली. काचेशी उभी राहून तिने माझं मनगट असं आवळलं की नाडी बघायची सोय उरली नाही. आत भाऊजींनी सगळं नीट केलं आणि सुई घेऊन पुतळ्यापाशी गेले. पुन्हा तसेच थांबले. परीक्षक मुलीने घड्याळाकडे पाहिलं. ताईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात भाऊजी वाकले, पुतळ्याच्या रबरी कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले, आणि सुई सरळ, शांतपणे आत गेली. गाव विचारलं नाही की खोडी काढली नाही.

पास झाल्याचं कळल्यावर ताई आधी रडली, मग भांडली. आत काय बोललात म्हणून मी विचारलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "सांगतलं त्याले. साहेब, मीच हाओ. बोलू नका. टोचतो आता."

आता प्रमाणपत्र दवाखान्याच्या भिंतीवर आहे, मोठ्या डॉक्टरांच्या फोटोखाली. खोड्या पूर्वीसारख्याच चालू आहेत, वडनेरचं वरण अजून पातळच आहे. फरक झाला तो एकच. सुई काढल्यावर भाऊजी आता "झालं, उठा" म्हणत नाहीत. परवा एक एवढीशी पोर मामाच्या गावावरून त्यांच्याशी कडाकडा भांडत होती. भाऊजींनी तिचा दंड हलकेच चोळला आणि हळू आवाजात म्हणाले, "झालं, साहेब."