शेवटच्या पानावरची पेन्सिल

पास्कल मास्तर माझ्याशी बोलायला आले की आधी जागा पाहायचे. मी कुठंही बसलेली असो, ते फिरून माझ्या उजव्या बाजूला येणार, बाज असली तर बाज ओढणार आणि मगच तोंड उघडणार. माझा डावा कान लहानपणीच गेलेला, म्हणून. घरच्यांना याचा विसर पडतो. सुना अजून डावीकडून हाका मारतात आणि मी ओ देत नाही म्हणून रुसतात. मास्तर मात्र इतक्या वर्षांत कधी चुकले नाहीत. एकदाच चुकले, तेच सांगायला बसले आहे.

संग्रामपूरच्या पुढं, सातपुडा निळा दिसायचा सोडून हिरवा दिसायला लागतो तिथं आमचं गाव. त्यात आम्ही कॅथलिक बावीस घरं आणि एक बुटकं चर्च. मास्तर शाळेत शिकवायचे, रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, आणि मिसेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, बायबलचं पहिलं वाचन त्यांचंच. फादर येत नि जात, वाचनाला मास्तर तेच. उंच, किडकिडीत माणूस, सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. चेहरा असा गंभीर की पोरं दबकून असायची, बकऱ्या मात्र मागं मागं यायच्या. खिशात पेन्सिलीबरोबर शेंगाही असायच्या ना.

पुस्तकांचं त्यांना वेड. शेगावला गेले की रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत बसायचे, शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या वाचनालयातूनही आणायचे. प्रत्येक पुस्तकाला चर्चच्या जुन्या कॅलेंडरचं पान घालायचे, कोरी बाजू बाहेर ठेवून. त्यामुळे त्यांची सगळी पुस्तकं बाहेरून सारखीच पांढरी. वाचून झालं की शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहायचे, 'वाचलं. रविवारी मिसेला गेलो.' पुस्तक दुसऱ्याचं असलं तर कव्हराच्या आतल्या बाजूला. कपाशीवरच्या किडीचं पुस्तक असो की देव नाही म्हणणाऱ्याचं, ओळ तीच.

मी एकदा विचारलं, "हे काऊन लिहिता मास्तर?"

"पुस्तकाले समजलं पाहिजे नं बाई, का त्यानं आपल्याले खाल्लं नाई."

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी चुलीपुढं बसून केलं, मास्तरांनी आणून दिलेल्या पुस्तकांवर. देताना एवढंच म्हणायचे, "समजलं नाई त सोडून देजो. भेऊन नोको सोडू."

आता ती चूक कशी झाली ते मुळापासून ऐका. एका रविवारी मास्तर नेहमीसारखे वाचनाचं पुस्तक, तेही पांढऱ्या कव्हरातलंच, काखेत घेऊन समोर गेले. पुस्तक उघडलं आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वर छताकडं पाहत सगळं वाचन तोंडपाठ म्हणून मोकळे झाले. कुणाला काही कळलं नाही. पण पुढं शुभवर्तमान वाचायला फादर तिथंच आले, त्यांनी ते पांढरं पुस्तक उघडलं, आणि त्यांचे कान लाल झाले. मास्तरांनी घरून भलतंच पुस्तक उचलून आणलं होतं. कुण्या एका धर्मगुरूपद सोडलेल्या माणसानं लिहिलेलं, आपल्याच चर्चच्या शाळांत नि वसतिगृहांत काय काय झाकून ठेवलं त्याबद्दल.

फादर निकोलस वसईकडचे, नुकतेच आलेले, वयानं माझ्या धाकट्या लेकाएवढे. मनानं वाईट नव्हते. मिसेनंतर मी वेदीवरच्या वस्त्रांच्या घड्या करत होते, तिथंच दोघांचं बोलणं झालं. फादर म्हणाले, इथं आपण मूठभर लोक, बाहेरचे आधीच बोट दाखवतात, त्यात धर्मशिक्षण देणाऱ्यानंच असलं वाचलं तर मुलांनी कुणाकडं पाहायचं? पुस्तक टाकून द्या आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर चुकलो म्हणा, नाहीतर वाचन आणि मुलांचा वर्ग दुसऱ्याकडं देतो.

मास्तरांनी विचारलं, "तुम्ही वाचलं का हे, फादर?"

फादर म्हणाले, "विष आहे हे कळायला ते प्यावं लागत नाही."

"प्याले नाई म्हणत मी. पण तुम्ही आमचे डॉक्टर आहा. बाटलीवर काय लिवलं ते डॉक्टरनं नाई पाहाचं त कोणं पाहाचं? ठेवा तुमच्यापाशी. तुमचं वाचून होयेपर्यंत मी मांगं बसतो."

आणि बसले की हो. सगळा उपासकाळ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, शेवटच्या बाकावर, चपलांच्या राशीजवळ. वाचनाला कॉलेजातला एक पोरगा उभा राहायचा आणि संदेष्ट्यांची नावं अडखळत घ्यायचा. मागं मास्तरांचे ओठ हलायचे. मला फार राग यायचा. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. म्हटलं, एक शब्द चुकलो म्हणा ना, काय जातं तुमचं? आयुष्य घातलं त्या जागेवर, आता एका पुस्तकापायी घालवता का? ते म्हणाले, "ज्यात चुकलो ते ह्यात नाई, सुशीले." मला तेव्हा उलगडा झाला नाही.

मग एका दुपारी फादर माझ्या दारात उभे. हातात तेच पुस्तक. पाणीसुद्धा न घेता त्यांनी वसतिगृहांचं प्रकरण उघडून माझ्यापुढं धरलं. मास्तरांनी समासात जागोजागी लिहिलं होतं, 'हे खोटं', 'हे अर्धं', 'पुरावा नाही'. एका ठिकाणी मात्र होतं, 'खरं. सुशीलेचा कान. मी तिला गप्प बसवलं.'

"बाई, ह्या तुम्हीच का?" फादरांनी विचारलं.

मीच ती. दहा वर्षांची होते, दूरच्या एका वसतिगृहात. तिथल्या प्रमुखांनी एकदा कानाखाली दिली, दोन शब्द उलटून बोलले म्हणून. कान वाहिला आणि गेला. मास्तर तेव्हा तिथं नवे लागलेले, मिसरूडही धड नव्हतं. मी जाऊन त्यांना सांगितलं, कारण ते एकटे पोरांशी हसायचे. त्यांनी तेल घातलं, कापूस लावला आणि म्हणाले, बाहेर कुठं बोलू नको पोरी, आपल्या लोकांची बदनामी होते. मी बोलले नाही. बाबा मला घरी घेऊन गेले, शाळा तिथंच राहिली. काही वर्षांनी मास्तर आमच्याच गावी आले. ती गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही नाही. ते फक्त उजवीकडं बसायचे.

फादर आणि मी तसेच मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होते. पुस्तक आणि आमची तोंडं पाहून समजले. उठले, आणि गडबडीत माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. काहीतरी बोलले. फादरांनी मान खाली घातली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, "इकडून सांगा मास्तर. त्या कानाले कुठून ऐकू येईन?"

ते फिरून आले. दुसऱ्यांदा सांगणं त्यांना जड गेलं, पण सांगितलं.

"तवा तुले गप राह्य म्हटलं मी. देवाचं घर वाचवून राह्यलो असं वाटे मले. चुकलो."

मी तुरीचं सूप ओढलं आणि खडे वेचायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं. फादर म्हणाले, ह्या पुस्तकाचं काय करायचं? मास्तर म्हणाले, हिले विचारा. मी म्हटलं, चर्चच्या कपाटात ठेवा, हात पुरेल अशा फळीवर. फादर म्हणाले, त्यात खोटंही पुष्कळ आहे. मी म्हटलं, मग त्याच्यापुढं 'खोटं' लिहिलेलं आहेच की पेन्सिलीनं. जे खरं आहे ते आपल्या घरात कुणी बोललं असतं, तर बाहेर जाऊन लिहायची त्या माणसाला गरज नव्हती.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, फादरांनीच बोलावलं आणि पहिलं वाचन मास्तरांनी केलं. ह्या वेळी बरोबर पुस्तक घेऊन.

गेल्या थंडीत ते गेले. आता वाचन मी करते. ते पुस्तक कपाटात आहे, पांढऱ्या कव्हरातच. शेवटच्या पानावर मास्तरांची पेन्सिलीची ओळ, तिच्याखाली फादरांची निळ्या शाईतली, मग माझी. आणि माझ्याखाली एका तरण्या पोरीच्या अक्षरात, 'वाचलं. सध्या मिसेला येत नाही.' मास्तर होते तेव्हाच ती ओळ उमटली होती. फादर खोडरबर घेऊन बसले, म्हणाले, हिचं पाहून बाकीची मुलं काय करतील? मास्तरांनी त्यांच्या हातातून रबर काढून खिशात टाकलं.

"राहू द्या, फादर. एका पोरीले गप बसवून पाह्यलं मी."

ती पोर कोणाची ते मला ठाऊक आहे. बाजारात भेटली की चांगली बोलते. मी अजून तिला काही विचारलं नाही. रविवारी बाकावर बसताना मी थोडी सरकून बसते आणि उजवीकडं एक जागा मोकळी ठेवते.