सवसनचा दुखवटा

आता राजधानीत, दुशान्बेच्या मोठ्या हॉलमध्ये सवसनचं नुसतं नाव पुकारलं तरी टाळ्या पडतात. टीव्हीवर ती इतक्यांदा दिसते की माझा नवरा विचारतो, "हिला घरी कामं नाहीत का?" तिच्या बाजूला बसून डफ वाजवते ती मी, मेहरंगेज. ती सून म्हणून आमच्या गावात आली तेव्हापासून मीच वाजवतेय, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. बाकीचे हौसे-गवसे मागून आले.

लग्न कुणाचंही असो, गायला बोलावणं सवसनला. तिची सासू नेकबख्त तोऱ्यात सांगायची, "मी सून नाही, बुलबुल आणलाय." मग मॉस्कोत मजुरीला गेलेला सवसनचा नवरा बांधकामावरून पडून वारला. नेकबख्त ना रडली, ना ओरडली. तोंड मिटून चुलीपाशी बसली ती बसलीच. सासूच्या डोळ्यांत पाणी नाही तर आपण कसं रडायचं, म्हणून सवसनही गप्प. त्या घरातलं गाणं बंद पडलं.

आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं त्या घरानं हो म्हटल्याशिवाय गावात डफाला हात लावत नाहीत. लग्नघरची माणसं भाकरी घेऊन तिथं जातात आणि विचारतात. वर्ष उलटलं आणि शेजारच्या खुशकदमनं लेकीचं लग्न काढलं. या शहाणीनं काय करावं? नेकबख्तचा थोरला मुलगा शोदमोन दुशान्बेत असतो, त्याला फोन लावला. आता तोच घरातला कर्ता ना! तो म्हणाला, "वाजवा की." बाई खूश होऊन गावभर सांगत सुटली.

हे आम्ही नेकबख्तच्या कानावर घातलं तेव्हा ती अंगणात जर्दाळू निवडत होती.

"पोरगा माझा गेला, मढं माझ्या दारात आलं, आणि परवानगी शहरातून येते होय?" ती म्हणाली. "ऐका मग. डफ वाजणार नाही. आणि माझी सून यापुढं गाणार नाही. आजच नाही असं नव्हे, कधीच नाही."

सवसनचे हात पिठात होते, ते तिथंच थांबले. सासूचा शब्द मोडणाऱ्यातली ती नव्हती. मला तर खुशकदमच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. गाणं गेल्यावर त्या पोरीत उरणार काय होतं?

लग्नाच्या सकाळी खुशकदम खालमानेनं भाकऱ्या घेऊन निघाली. मागून आम्ही बायका, डफ ओढणीखाली.

"चहा घ्या आणि चालू पडा," नेकबख्त म्हणाली.

सवसननं चहा दिला आणि सासूसमोर बसली. "आई, फलक म्हणू? त्याला डफ लागत नाही."

फलक म्हणजे आमचं नशिबाला जाब विचारणारं गाणं, ते दुखवट्याच्या घरीही चालतं. सासूनं नकार दिला नाही. सवसननं डोळे मिटून सुरुवात केली. गाण्यात होता पिशवी खांद्याला अडकवून गेलेला माणूस, त्याला परत न पाठवणारा रस्ता. आवाज आधी फाटला, मग चढतच गेला. नेकबख्तच्या हातातली चहाची वाटी कलंडली आणि म्हातारी रडायला लागली. वर्षभराचं सगळं रडली. सवसन रडत रडतच गात राहिली.

गाणं संपल्यावर नेकबख्तनं ओढणीनं तोंड पुसलं. "मेहरंगेज, डफ दे इकडं."

आता ही तो चुलीत घालते, असंच मला वाटलं. तिनं तो निखाऱ्यांवर धरला, हळूहळू फिरवून कातडं ताणून घेतलं, बोटानं टिचकी मारून पाहिली.

"खुशकदम, भाकरी ठेव इथं. आईला विचारायचं ते आईलाच विचारत जा," असं म्हणून तिनं डफावर थाप मारली आणि उठली.

लग्नघरापर्यंत तीच पुढं वाजवत गेली. वाटेत घराघरांतून लोक बाहेर आले. नवरीच्या दारात सवसननं लग्नाचं गाणं धरलं आणि पहिल्याच ओळीला ती थांबली. नेकबख्तनं वाजवणं थांबवलं नाही.

"थांबलीस का गं?" ती म्हणाली. "तुझं गाणं ऐकूनच माझा पोरगा तुझ्यासाठी हट्ट धरून बसला होता. त्याला ऐकू जाईल असं गा."

आणि सवसन गायली.