डबीवरचं चित्र

आमच्या गावात मला आता माझ्या नावानं कोणी हाक मारत नाही. आशाताई, बस. कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाच्या लेकराची लस राहिली, कोणाला ताप आला, की आशाताई. सडक अर्जुनीहून आत वळलेला रस्ता धानाच्या बांध्यांमधून जातो, तिथलं हे गाव. चौदा वर्षं झाली, मी त्याच गल्ल्या तुडवते आहे. गावातलं मला माहीत नाही असं काही नाही, असं मी मानून चालले होते. मोठा माज होता मला त्याचा. तो कसा उतरला ते सांगायचं आहे.

त्या वर्षी धान मळून झाल्यावर वरून एक कागद आला. कॅन्सरबद्दल लोकांना काय ठाऊक आहे, माहिती हवी तर कुठे विचारायचं हे कळतं का, फुकटात लागणारा तो फोन नंबर कोणी ऐकला आहे का, असं घरोघर विचारून लिहायचं होतं. नंबरचं पोस्टर मीच ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवलं होतं. एका उन्हाळ्यात त्याचा रंग उडाला आणि पावसाळ्यात खालचा कोपरा बकरीनं खाल्ला. नंबर नेमका त्याच कोपऱ्यात होता. मी म्हटलं, आता काय करता, वर कळवलं की नवीन येईल. कळवलं मात्र नाही.

मोठ्या शेतीवाल्यांच्या आळीत मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि उत्तर मिळालं, "पोरगा नागपूरले आहे ना, तो मोबाइलवर पाहून सांगते." हायवेवरच्या ढाब्यात भाकऱ्या थापणाऱ्या बाया हसायलाच लागल्या. "ताई, फोन नवऱ्याजवळ राहते. आमी का चुलीले विचारू?" गोंदियातल्या माझ्या बहिणीला फोन केला, म्हटलं शहरातल्यांना तरी ठाऊक असेल. ती आता हिंदीतच बोलते. म्हणाली, "अरे, अस्पताल की दीवार पे सब लिखा रहता है, पढ़ता कौन है!" जंगलाकडच्या टोल्यात, म्हणजे आठ-दहा घरांच्या वस्तीत, एका म्हातारीनं माझं सगळं शांतपणे ऐकलं, मग सुनेला गोंडीत काहीतरी विचारलं. सून म्हणाली, "आत्या विचारून राहिली, हा रोग झाला तं माणूस किती दिवस राहते?" मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील, आणि पुढच्या घराकडे वळले. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. अख्ख्या गावात सरळ प्रश्न विचारणारी ती एकटीच निघाली, आणि मी तिला टाळलं.

बाकी घरांत एकच वाक्य, "दारात त्या रोगाचं नाव कायले काढता?" मी चिडायचे. अगं, नाव काढल्यानं होतो का तो? घरी येऊन जावेजवळ तावातावानं सांगायचे, की लोकांना अक्कल नाही, आपण मर मर मरतो आणि यांना दोन शब्द ऐकायचे नाहीत. जाऊ ऐकून घ्यायची आणि गालातल्या गालात हसायची. आजकाल ती जोरात हसत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

जाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. मी तिला बाई म्हणते. आमची घरं लागून आहेत, मागची सांदवाडी, म्हणजे परसू, एकच. लग्न होऊन आले तेव्हा माझी दाढ दुखायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी बाईंनी मला मागे बोलावलं, कमरेची छोटी डबी काढली आणि बोटावर काळा लगदा घेऊन म्हणाल्या, "लाव. माहेरी नाई लावत का?" गुडाखू. आमच्याकडे बायका त्यानंच दात घासतात. घासायचं, तोंडात धरून बसायचं, थुंकायचं, पुन्हा थोडं घ्यायचं. पहिल्या दिवशी मला गरगरलं, बाईंनी पाणी पाजलं. मग सवय झाली. रोज सकाळी कोंबड्या सोडल्यावर आम्ही दोघी सांदवाडीत बसायचो. सासूचं, नवऱ्याचं, पोरांचं, जे घरात बोलता येत नव्हतं ते सगळं तिथं बोलून झालं. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी रडले तीही तिथंच. बाईंनी डबी पुढे केली होती, दुसरं काय करणार होत्या?

तो कागद भरून झाल्यावर मी उपकेंद्रात दिला. तिथं नवीन मॅडम आल्या होत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी माझा कागद पाहिला, मग कपाटातून जुने फॉर्म काढले. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म आम्हाला भरावा लागतो. तंबाखू खाता का, बिडी पिता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ आहे का, असं सगळं त्यात असतं. मॅडम एकेक उलटत गेल्या.

"ताई, बाप्ये सगळे तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात. आणि बायांमध्ये एकही तंबाखूवाली नाही?"

"नाही, मॅडम. आमच्या बाया खर्रा खात नाहीत." मी छाती फुगवून बोलले.

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे दात कशानं असे काळे झालेत?"

"गुडाखूनं. दात घासतो ना आम्ही."

"डबी आहे का?"

डबी माझ्या पिशवीतच होती, लसीच्या यादीखाली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "यावरचं चित्र कुठं गेलं?"

माझे कानच तापले. डबीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, आणि खाली लिहिलेलं असतं की तंबाखूनं कॅन्सर होतो. नवीन डबी आणली की बाई आधी ते चित्र नखानं खरवडून काढायच्या. "सकाळी सकाळी असलं थोबाड कोण पाहीन वो," म्हणायच्या. माझी डबी पण त्याच खरवडून द्यायच्या, प्रेमानं. मी गावाला नंबर माहीत आहे का विचारत फिरत होते, आणि आमच्या घरात ती माहिती दर महिन्याला डबीवर चिकटून येत होती. आम्ही ती चुलीत टाकत होतो.

"ताई, यात तंबाखूच असतो," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालायला लावली. गेली. "तीन जातात म्हणजे तोंड नीट उघडतं. ज्यांना जात नाहीत, ज्यांना तिखट झोंबतं, ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा आहे, त्यांना दाखवायला पाठवायचं."

तिखट झोंबतं. मी तिथंच बसून राहिले. बाईंनी दिवाळीपासून ठेचा सोडला होता. लाखोळीच्या डाळीत तिखट घालू नका म्हणायच्या. भात ताकात कालवून, बारीक बारीक घास घेऊन खायच्या. मी म्हटलं होतं, "काऊन बाई, लहान लेकरू झाल्या का?" आणि आम्ही दोघी हसलो होतो. मेलं माझं तोंड!

मी मॅडमना बाईंचं सांगितलं, तसा त्यांनी बाईंचा फॉर्म काढला. तंबाखू, नाही. तोंडात जखम, नाही. खाली माझी सही. घरच्यांचे फॉर्म मी खाटेवर बसून एका दमात भरले होते. आपलीच माणसं, त्यांना काय विचारायचं? हे मी मॅडमना तिथंच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांदवाडीत बाईंनी डबी काढली तशी मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आधी तीन बोटं तोंडात घालून दाखवा. त्यांना गंमत वाटली. त्यांनी बोटं जुळवली, तोंड उघडलं. दोन गेली. तिसरं ओठाशीच थांबलं. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, डोळ्यात पाणी येईस्तोवर. मग हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "माहं तोंडच लहान आहे."

"आ करा, मला पाहू द्या."

"का पाहून राहिली वो त्यात? जा, तुले मीटिंगले जायचं आहे."

चार दिवस त्या मला टाळत होत्या. मी दारात दिसले की गोठ्यात जायच्या. मला जेवण जाईना. रांधताना, चालताना सारखी बोटं तोंडात घालून पाहायची मी. तीन जात होती, तरी भरवसा वाटायचा नाही. शेवटी मॅडमकडून तो नंबर घेतला आणि गावाबाहेरच्या तळ्याच्या, बोडीच्या पाळीवर जाऊन फोन लावला. इतके दिवस मी लोकांना तो नंबर माहीत आहे का विचारत होते, आणि स्वतः एकदाही लावला नव्हता. आधी मशीन बोललं, मग एक ताई आल्या. मी खोटं बोलले. म्हटलं, शेजारीण आहे एक. त्यांनी वय विचारलं, काय खाते, किती वर्षं, तोंडात चट्टा आहे का, सगळं सावकाश विचारलं. मी म्हटलं, "कॅन्सरच असेल का?" त्या म्हणाल्या, "पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. पण वाट पाहू नका. आणि तुम्ही सोबत जा, एकटीला पाठवू नका." फोन ठेवल्यावर मी पाळीवर बसून रडले. लोक एवढं का घाबरतात, का नाव काढत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंना मी सरळ सांगितलं. "तुम्ही आल्या नाहीत तर मी भासऱ्यांना सांगीन." बाईंचा नवरा म्हणजे माझे भासरे, मी त्यांच्यासमोर आजवर मोठ्यानं बोललेली नाही. बाईंनी कमरेची डबी चाचपली. मग म्हणाल्या, "तू बी दाखवशील का?"

"दाखवीन."

"मंग चाल."

एस.टी.नं गोंदियाला गेलो. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मला पाहिलं. म्हणाले, हे आजच बंद करा, बाकी ठीक आहे. बाईंना पाहायला त्यांनी बत्ती जवळ ओढली. गालाच्या आत पांढरं होतं, मागे एक लाल जखम होती, ती कधीपासून आहे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून." मी भर उन्हाळ्यात फॉर्म भरला होता. डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

ते आठ दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. मी धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. सकाळी आम्ही दोघी सांदवाडीत बसायचो, डबीशिवाय, आणि बोलायला काही सुचायचं नाही. बाईंचे हात सारखे कमरेकडे जायचे. एकदा म्हणाल्या, "तुले का वाटते?" मी म्हटलं, "काही नसते निघत, बाई." त्यांना माझं खोटं लगेच कळतं.

कॅन्सर निघाला. लवकर सापडला आहे, नागपूरला जाऊन ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. लवकर. तो शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोकत होते.

दोन दिवसांनी फुकट ऑपरेशनच्या सरकारी योजनेचे कागद भरायला मॅडम घरी आल्या. ओसरीवर भासरे, माझा नवरा, बाई, मी, सगळेच बसलो होतो. कागदांत बाईंचा तो जुना फॉर्मही होता. भासऱ्यांनी तो उचलला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, न कळून.

"इथं तं जखम नाई लिहिलं आहे. उन्हाळ्यातलाच आहे ना हा? तू विचारलं होतं का इले?"

मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याआधीच बाई बोलल्या. तुकडा काढला होता तिथले टाके दुखत होते, शब्द धड फुटत नव्हते.

"विचारलं होतं तिनं. दोनदा विचारलं. मीच नाई म्हटलं."

भासऱ्यांनी मान हलवली. "बायांचं असंच राहते," म्हणाले, आणि फॉर्म खाली ठेवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅडमना सगळं ठाऊक होतं, त्या खाली मान घालून लिहीत राहिल्या. मीही गप्प बसले.

नागपूरला ऑपरेशन झालं. बाई आज पेज पितात, थोडं बोलतात, दर तपासणीच्या आधी दोन दिवस आम्ही दोघी झोपत नाही. गावातल्या प्रत्येक बाईला मी आता डबी दाखवायला लावते, चित्रासकट. टोल्यातल्या त्या म्हातारीकडे परत गेले आणि लवकर सापडलं तर काय होतं ते सांगितलं, सुनेनं तिला गोंडीत समजावलं. घरी मात्र अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहिते. मी बाईंना विचारलं नव्हतं. एकदाही विचारलं नव्हतं.