चौदा हात वर, आणि मी गप्प

कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर भूमध्य समुद्राकाठच्या त्या जुन्या सीमावादाची बातमी लागली. पुन्हा गोळीबार, पुन्हा न्यूयॉर्कच्या सुरक्षा परिषदेपुढे युद्धबंदीचा ठराव! मी घाईघाईनं सुभेदारांना फोन लावला. उचलला त्यांच्या सुनेनं. "मास्तर, मामा गेलं की सकाळी..."

सुभेदार यशवंत कांबळे आमच्या कोडोलीचे. शांतिसेनेची निळी टोपी घालून त्याच सीमेवर राहून आलेले. निवृत्तीनंतर दूध संस्थेच्या दारातल्या फळ्याची अर्धी बाजू त्यांनी मागून घेतली. डावीकडे फॅटचे दर, उजवीकडे परिषदेचा ताजा ठराव! मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. मी मराठीत सांगायचं, त्यांनी लिहायचं. माणसं दुधाच्या रांगेत उभ्यानं वाचायची. "सुभेदार, 'तीव्र चिंता' म्हंजे काय करणार ओ ते?" "चिंता करणार की!" म्हणून सुभेदारच आधी हसायचे. पण ठराव म्हणजे नुसता कागद, असं मी म्हटलं की खवळायचे. "अवो, त्याच कागदावर आमी दोन फौजांच्या मधी उभं ऱ्हायलो. तिथल्या बाया आमची चौकी बघून पोरं शाळंत धाडायच्या!"

मग ती संध्याकाळ. गावातले दोन जवान तेव्हा शांतिसेनेतून त्या सीमेवर गेलेले, आणि तिथं तोफा सुरू झालेल्या. सुभेदार पेठ वडगावला गेले होते, म्हणून फळा माझ्याकडे. संस्थेच्या टीव्हीवर मतदान दिसलं. पंधरा जणांत चौदा हात वर! आमच्या वार्षिक सभेत निम्म्याहून जास्त हात वर गेले की "मंजूर, मंजूर!" म्हणत सभा चहाला उठते. पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. खडू उचलला आणि लिहिलं, 'युद्धबंदी मंजूर'. हलगी आली, जिलबी आली, एका जवानाची आई, आक्काताई, भर रस्त्यात नाचली! मीही नाचलो. तसा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

सुभेदार आले, फळा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या पंधरांत पाच देश असे, की त्यांतल्या एकाचाही विरोध झाला तर ठराव पडतो. हे त्यांनीच मला दहादा सांगितलं होतं. त्यांनी फळा पुसला, 'एका विरोधानं ठराव पडला' हे खरं ते लिहिलं आणि आक्काताईपुढं जाऊन म्हणाले, "आक्का, मीच फोनवर मास्तरास्नी चुकीचं सांगितलं." मी तोंड उघडणार, तोच कानाशी आले. "गप ऱ्हावा. तुमच्या शब्दावर गावची पोरं शिकत्यात. मला हसू देत." मी गप्प राहिलो... वर्षानुवर्षं. गाव त्यांना 'मंजूर सुभेदार' म्हणू लागलं. मुलगा सुखरूप परतला, तरी आक्काताई त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही.

परवा संस्थेत शोकसभा झाली. अध्यक्षांनी शोकठराव वाचला, त्यात 'मंजूर सुभेदार या नावाने परिचित' अशी ओळ. सगळे हात वर. "माझा विरोध!" मी ओरडलो.

"मास्तर, शोकठरावाला विरोध?"

"होय!" आणि सगळं सांगून टाकलं. आवाज असा लागला की रस्त्यावरची माणसं आत आली! ती ओळ खोडली. तेवढ्यात आक्काताई उठली. "एवढं मोठ्यानं बोलाय येतंय की तुमाला! ते असताना काय झालतं?"

 

काल परिषदेत पुन्हा मतदान होतं. मी फळ्यापाशी उभा राहिलो. आक्काताई कॅन खाली ठेवून शेजारी आली. "किती हात वर गेलं, मास्तर?"

"चौदा."

"मग लिवा की!"

"थांब, आक्का. शेवटपर्यंत ऐकूया."