कानांनी निवडलेली बाबागाडी

टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केलेल्या बाईला "एखादा किस्सा सांगा ना" असं कधी म्हणू नये. एकावर भागतच नाही! शेंगदाण्याच्या डब्यात हात घातला की एक थोडाच बाहेर येतो? मूठभर येतात, तसं होतं.

परवा माझी भाची मोबाईलवर बाबागाड्यांचे फोटो दाखवत होती. "मावशी, तीन चाकांची घेऊ की चार?" मी पटकन बोलून गेले, "अगं, पण तिचा आवाज ऐकलास का?" भाची माझ्याकडे बघतच राहिली. आता सगळं सांगणं आलंच!

* * *

आमचं गाव शेवगाव-पाथर्डीच्या मधलं. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या पेन्शनीला नजर लागायची. नव्वद सालानंतरचा तो काळ. तालुक्या-तालुक्यात एसटीडी येत होतं, पण आमच्याकडे अजून हाताचा बोर्ड. गावात कुणी फोन केला की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरचा बारका पत्रा खट्‌कन पडायचा. मग आम्ही हेडफोनातून विचारायचं, "नंबर प्लीज," आणि कॉर्ड खोचून जोडून द्यायचं.

दिवसपाळीला आम्ही तिघी. मी मंगल, शेजारच्या खुर्चीवर कमल, आणि आमच्या डोक्यावर सुपरवायझर जाधवबाई. बाईंचा नियम एकच, बोर्ड रिकामा सोडायचा नाही. लग्न असो, मयत असो, एक जण खुर्चीवर पाहिजेच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "स्वतःच्या घराला आग लागली तरी आधी बंबाचा नंबर लावायचा, मग पळायचं!"

मी हसले. बाई हसल्या नाहीत. पुढे एकदा एक्स्चेंजात साप निघाला, तर बाई पाय खुर्चीवर घेऊन बसल्या आणि तशाच "नंबर प्लीज" म्हणत राहिल्या. साप कंटाळून निघून गेला.

* * *

कमलचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. चालताना उजवा हात गुडघ्यावर दाबून, कमरेत वाकून, एकेक पाऊल टाकायची. पण बोर्डावर बसली की तिच्या हाताला वाऱ्याचा वेग! एका हातात दोन-दोन कॉर्डी. मी तर तोंडात बोटं घालून बघत बसायचे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. चिमी. गोरीगोमटी, गुबगुबीत, वजनानं चांगली भारी! कमलच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दूध पाजायच्या वेळेला तिला कडेवर घेऊन एक्स्चेंजात यायच्या. कमल खुर्चीत बसून पाजायची, आणि आत्याबाई चिमीला परत उचलून न्यायच्या.

एकदा त्या दोघी गेल्यावर कमल दाराकडे बघत राहिली. मी विचारलं, "काय गं?"

"मंगल, मी हिला घेऊन अजून एक पाऊल चालले नाही. एक हात गुडघ्याला लागतो. एका हातानं हिला धरलं आणि पडले तर? बसल्या जागची आई आहे मी." मग डोळे पुसले आणि म्हणाली, "एकदा तिला घेऊन मला एकटीला गावातून चालायचंय. बास, एवढंच."

इतकी वर्षं शेजारी बसून माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं, की नगरहून येताना एसटीच्या खिडकीतून भिंगारच्या कॅम्पात तिला एक फौजी साहेबाची बायको दिसली होती. एका हातात कुत्र्याची साखळी आणि दुसऱ्या हातानं बाळाची गाडी ढकलत खडीवरून चाललेली. गाडीला चाकं तीनच. पुढं एक, मागं दोन. "एका हातानं, मंगल! खडीवरून!"

जाधवबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. नुसतं म्हणाल्या, "शोधू."

* * *

पहिला मान नवऱ्याचा! कमलचे मिस्टर भाऊसाहेब शाळेत सायन्स शिकवायचे. भला माणूस, पण घाई फार. 'तीन चाकं' एवढं ऐकलं आणि आठवडी बाजारातून उड्या मारत पांगुळगाडा घेऊन आले. लाकडाचा, लाल रंगाचा, चालायला शिकणाऱ्या पोरानं धरायचा. चिमी अजून बसायलाही लागली नव्हती!

आत्याबाईंनी गाड्याकडे बघितलं, लेकाकडे बघितलं आणि विचारलं, "कोन चालनार हाय ह्यो धरून? तू?"

मग आम्ही नगरला कापडबाजारातल्या एका खेळणीवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे चार चाकांची गाडी होती. "एकदम स्मूथ आहे ताई, लोण्यासारखी!"

आता गिऱ्हाईक माल डोळ्यांनी बघतं. पण आमचा धंदा कानांचा! माणूस खरं बोलतोय की खोटं, ते आम्हाला हॅलोवरून कळायचं. बाई म्हणाल्या, "असं करा, फोन चाकापाशी धरा आणि गाडी फरशीवरून फिरवा." खेळणीवाला गांगरला, पण त्यानं फिरवली. आम्ही तिघींनी आपापले हेडफोन त्याच लाईनीवर लावले. असं लाईनीवर ऐकणं नियमात बसत नव्हतं, पण पहिली कॉर्ड खुद्द बाईंनीच खोचली होती!

चर्रर्र खट. चर्रर्र खट.

बाईंनी निकाल दिला, "चौथं चाक लंगडतंय."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणासमोर काय बोललो ते. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मी बोर्डात डोकं घातलं. तर कमलच खदाखदा हसायला लागली, "नको नको बाई! एका घरात लंगडी एकच पुरे!"

* * *

आता शैलाबद्दल सांगितलंच पाहिजे. शैला नगरच्या एक्स्चेंजात होती. आमच्या गावाचे ट्रंककॉल तिच्या हातून पुढे जायचे. आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तिनं आम्हाला नव्हतं. पण तिला सर्दी झालेली तिच्या घरच्यांच्या आधी आम्हाला कळायची!

जाधवबाईंनी तिला कमलच्या मेमसाहेबांचं वर्णन सांगितलं. कुत्रा, खडी, तीन चाकं. नाव नाही, पत्ता नाही. शैला म्हणाली, "थांबा जरा. कॅम्पातून कॉल बुक करताना मागं लहान मूलही रडतं आणि कुत्राही भुंकतो, असे बंगले कितीसे असणार?"

आणि दोन दिवसांत पठ्ठीनं शोधलं की हो! रडण्यावरून आणि भुंकण्यावरून! मला आजही त्याचं नवल वाटतं. हल्ली लोक मोबाईलवर काय काय शोधून दाखवतात, मी म्हणते, शैलापुढं सगळं पाणी कम.

मेमसाहेब लाईनीवर आल्या. बदली झाली होती, सामान बांधणं चालू होतं, आणि त्यांचा मुलगा आता पळायला लागला होता. जाधवबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत कमलचं सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "गाडी आप की हुई."

कुणीही इथेच थँक्यू म्हणून फोन ठेवला असता. पण आमच्या बाई! "मॅडम, पहले आवाज सुनाओ."

त्या बिचारीनं फोनची वायर ताणून व्हरांड्यापर्यंत आणली आणि म्हणाली, "अच्छा, सुनिए." आम्ही तिघी श्वास रोखून बसलो. काहीच ऐकू येईना. बाईंनी हेडफोन कानावर दाबला, कॉर्ड काढून परत खोचली. "हॅलो! हॅलो मॅडम! लाईन कट गया क्या?"

तिकडून आवाज आला, "अरे, कब से चला तो रही हूँ!"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. आजवर इतके आवाज ऐकले, पण असली शांतता कधी ऐकली नव्हती. बाई हळूच म्हणाल्या, "हीच."

* * *

गाडी आणायला भाऊसाहेब निघाले, तर आत्याबाई दारात आडव्या. मुळात त्यांना हे प्रकरणच पसंत नव्हतं. "पोर काय भाजीपाला हाय व्हय, गाड्यावर घालून फिरवायला? आन् रिकामी गाडी ढकलत आनायची न्हाई. रिकामा पाळना कुनी हलवतं का?"

खरंच, आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. बारशालासुद्धा बाळाच्या आधी वरवंटा घालतात पाळण्यात. आत्याबाईंनी घरातला वरवंटा धुतला, पुसला, त्याला चिमीची कुंची घातली आणि लेकाच्या पिशवीत ठेवला. सायन्सच्या मास्तरांची काय बिशाद नाही म्हणायची!

तर दृश्य असं. भिंगारच्या स्टॉपवर भाऊसाहेब एसटीची वाट बघतायत, समोर चकचकीत तीनचाकी, आणि तिच्यात कुंची घातलेला वरवंटा, वर दुपटं पांघरलेलं. बाया वाकून वाकून बघतायत. "लेकरू लई गुनाचं हाय हो, हूं न्हाई का चूं न्हाई!"

एका म्हातारीला राहवलं नाही. डोळ्यांनी अधू होती बिचारी. तिनं दुपट्याखाली हात घातला, चाचपलं आणि भाऊसाहेबांवर कडाडली, "आरं, अंग किती गार पडलंय लेकराचं! बाप हायेस का कोन?"

भाऊसाहेबांनी निमूटपणे वरवंट्याला आणखी एक दुपटं घातलं.

* * *

आता खरी परीक्षा. अंगणात आत्याबाईंनी चिमीला गाडीत बसवलं. ती आता छान बसत होती. मी आणि बाई बघायला गेलो होतो. तेव्हा दुसऱ्या पाळीची ऑपरेटर बोर्डावर होती, हे बाईंनी मला दोनदा विचारून घेतलं, ते सोडा!

कमलनं दांडी धरली. गुडघ्यावरचा हात सुटला, त्यामुळे तिचा सगळा भार दांडीवर आला, आणि पुढचं चाक अधांतरी! चिमी मागं कलली. कमलनं झटकन दांडी सोडली आणि स्वतः खाली बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

कमलचे डोळे भरून आले. "राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या नशिबात बसूनच आहे."

मेमसाहेबांची गाडी, शैलाची मेहनत, सगळं पाण्यात गेलं म्हणायचं! भाऊसाहेब काहीतरी गुरुत्वमध्य-बिंदू पुटपुटायला लागले. तेवढ्यात आत्याबाई तरातरा आत गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. चिमीच्या पायाशी, अगदी पुढं, तो ठेवला आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधून टाकला.

"आता ढकल."

कमलनं भार टाकला. पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं नाही. चार पावलं. पाच. अंगणाच्या टोकापर्यंत!

भाऊसाहेब म्हणाले, "आई, मग आता वाटण कशावर वाटायचं?"

"गिळ बिनवाटनाचं!" आत्याबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या.

* * *

त्यानंतरचा बाजारचा दिवस. सकाळची वेळ, कांद्याचे भाव विचारणारे व्यापारी, सगळा बोर्ड खटाखट पडत होता. कमलची सुट्टी होती. मी आणि बाई घामाघूम.

मी खिडकीतून सहज बाहेर बघितलं आणि माझ्या हातातली कॉर्ड तशीच राहिली. "बाई," मी म्हटलं. मी खिडकीकडे बोट केलं.

रस्त्यावरून कमल येत होती. पुढं गाडीत चिमी, दोन्ही मुठी वरवंट्याच्या पट्टीत अडकवून बसलेली. रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे, पण गाडीचा आवाज नाही. आत्याबाई बऱ्याच मागं होत्या, हातात पिशवी, जणू आपल्या बाजारालाच निघाल्यात. बांगडीवाला बाजूला झाला. भाजीवाल्या बायकांनी टोपल्या मागं ओढल्या. आणि कमल सरळ उभी राहून चालत होती. सरळ! हात गुडघ्यावर नव्हता, कंबर वाकलेली नव्हती. इतकी वर्षं शेजारी बसले मी तिच्या, मला माहीतच नव्हतं की कमल एवढी उंच आहे. माझ्याहून उंच. बाईंहूनसुद्धा!

मी पळत बाहेर पायरीवर गेले. बघते तर जाधवबाई माझ्याही पुढं! डोक्यावर हेडफोन तसाच, त्याची वायर उपटून आलेली, गळ्यात लोंबतेय. गालांवरून पाणी वाहतंय आणि पुसायची शुद्ध नाही.

कमलनं गाडी पायरीपाशी आणून थांबवली. धाप लागली होती तिला. तिनं माझ्याकडे बघितलं, बाईंच्या गळ्यातल्या वायरीकडे बघितलं. आतून खट खट खट खट, सगळ्या गावाचे पत्रे पडत होते.

कमल म्हणाली, "बाई, बोर्डावर कोण बसलंय?"