रंध्याखाली गेलेल्या खुणा

१९७४ साली कतारच्या किनाऱ्यावर, अल वक्र्यात इब्राहीमच्या वडिलांची जुनी होडी दुरुस्तीला निघाली. सरकार ती संग्रहालयात ठेवणार होतं. परवा ट्रक येणार होता. काम तिथे पोट भरायला आलेल्या कराडच्या जालिंदर सुताराकडे आलं.

सागवान पाहून जालिंदर हरखला. आतल्या फळीवर सुरीचे अकरा ओरखडे होते. त्याने रंधा मारून फळी आरशासारखी केली.

इब्राहीम पाहायला आला. मोत्यांसाठी बुड्या मारून त्याचा एक कान गेलेला. मोती विकायला मुंबईच्या खेपा केल्याने हिंदी मात्र पक्की. त्याने फळीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"उस्ताद, इथं माझ्या बापाच्या खुणा होत्या."

"चाचा, मला वाटलं फळी खराब झालीय."

"ढलप्या कुठायत?"

जालिंदरने चुलीकडे पाहिलं. ढलप्यांवर चहा उकळत होता.

म्हातारा चुलीजवळ टेकला. मग म्हणाला, "ओत. असला चहा शेखांच्या घरीही मिळायचा नाही."

जालिंदरने आपला पेला खाली ठेवला.

इब्राहीमला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी मुलुखाचा इतिहास त्या फळीवरच होता. त्याने सुरी काढली आणि एकेक खूण पुन्हा कोरू लागला. उन्हाळ्यात वाळवंटातल्या टोळ्या उंट सोडून किनाऱ्याला यायच्या, बुड्या मारायच्या. आजोबा तसेच आले, ती पहिली. तुर्की शिपाई किल्ला सोडून गेले, ती दुसरी. मग इंग्रजांशी करार. जपानी कृत्रिम मोती आले नि धंदा बसला तेव्हाची उपासमार, तिच्याच पाच. पुढे जमिनीतून तेल निघालं, ती एक. शेवटची तीन वर्षांपूर्वीची, इंग्रज गेले आणि आपलं राज्य झालं तेव्हाची. ती त्याने स्वतः मारली होती.

दहा झाल्या. सुरी थांबली.

"तेलाच्या आधी एक होती. कोरताना बाप रडत होता. बोट लागलं की आठवायचं कशाची ते. आता आठवत नाही."

"मी मारू का एक? कुणाला कळतंय?"

"मला कळेल, उस्ताद."

दुसऱ्या दिवशी जालिंदरने होडीला तेल लावलं. हरवलेल्या खुणेची तेवढी दोन बोटं जागा त्याने कोरडी सोडली.

पुढच्या सकाळी ट्रकवाला शफीक फळीवर वाकून म्हणाला, "मिस्त्री, इथं तेल राहिलं की!"

आयुष्यात जालिंदरचं काम कुणी असं तोंडावर अर्धवट म्हटलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला.