खुन्नशीने केलेला खोका

हल्ली कुणी विचारलं की हा घडीचा खोका सुचला कसा, तर मी सरळ सांगते, खुन्नस. लोकांना ते आवडत नाही. एकदा बचत गटाच्या प्रदर्शनात एक बाई माझ्यापुढे माइक धरून उभ्या होत्या, त्यांना ‘आईचे कष्ट बघवेनात’ असं काहीतरी ऐकायचं होतं. आईचे कष्ट मी जन्मल्यापासून बघत होते आणि त्यातून मला एक रिवेट मारावीशी वाटली नव्हती. एका माणसाचं नाक ठेचायचं होतं, म्हणून मी कामाला लागले. आता हे माइकवर कसं बोलणार? बोलले. बाईंनी माइक हळूच पुढच्या टेबलाकडे नेला.

आम्ही झाईचे, समुद्रकाठच्या गावचे. आई सुकी मासळी विकते. बोंबील मुख्य, थोडा जवळा, असली तर मांदेली. आमच्या गावात प्रत्येकाच्या दारात बोंबील वाळत असतात, तिथे कोण कुणाकडून घेणार? म्हणून ती आठवड्याला तलासरीच्या बाजारात जाते. पावसाळ्याच्या आधीचे महिने तिच्या धंद्याचे. डोंगराकडच्या गावांतली माणसं चार महिन्यांची बेगमी करायला तेव्हा बाजारात उतरतात. त्यांना बोंबील अख्खा लागतो. सुका बोंबील गोणीत भरला आणि वर कुणी पाय ठेवला की संपलं, त्याचा चुरा होतो, आणि चुरा फार तर कोंबड्यांपुढे टाकायचा. त्यामुळे माल न्यायला टणक खोकाच लागतो, आणि मोठा लागतो, कारण बोंबील वजनाला काही नसला तरी जागा भरपूर खातो. आईकडे फळांचे जुने लाकडी खोके होते, बाजूला निळ्या रंगाचा पट्टा मारलेले, म्हणजे दुसरीच्यात मिसळू नयेत.

या बायकांची एक रीत आहे. बाजारात त्या जमिनीवर बसत नाहीत. पहिला खोका रिकामा झाला की त्यावर झाकण टाकून बसतात. कंबर धड राहते, आणि गिऱ्हाईक वरून खाली बघून बोलत नाही, तोंडासमोर तोंड येतं. आई म्हणायची, ज्यावर बसता येत नाही तो खोका कसला? हे तिचं म्हणणं पुढे मला चांगलंच महागात पडलं.

त्या वाटेवर टपाला कॅरिअर असलेली एकच जीप होती. बाकीच्या सगळ्या इको गाड्या, त्या माणसं घेत, खोके घेत नसत. म्हणजे सुक्या मासळीच्या झाडून साऱ्या बायका त्या एका जीपवाल्याच्या हातात. आणि मेल्याचा रुबाब काय विचारता! बायकांनी साडी खोचून स्वतः टपावर चढायचं, स्वतः खोके बांधायचे, आणि हा खाली आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवणार. वास येतो म्हणून नाक मुरडणार, आणि उतरताना जवळा मागून घेणार.

एका बाजाराच्या संध्याकाळी आईने रिकामे खोके टपावर बांधले आणि जागा धरून बसली. जीप निघणार तेवढ्यात याच्या ओळखीचा एक दुकानदार पत्रे घेऊन आला. याने आईला न विचारता दोरी सोडली, खोके नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उतरवले आणि पत्रे वर चढवले. आई खाली उतरून म्हणाली, अरे, मी आधी आले होते. त्यावर तो भरल्या जीपसमोर म्हणाला,

“मावशी, रिकामा खोका म्हणजे हवा. हवेला मी जागा देत नाही.”

जीपमधले हसले. आईसुद्धा थोडी हसली, असं तिनेच मला सांगितलं, आणि मला त्या हसण्याचाच जास्त राग आला. खोके उद्या आणून देतो म्हणाला होता.

मी तेव्हा तलासरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, अजूनही आहे. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करतो. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना म्हटलं, खोके आहेत का बघावं. टपरीच्या चुलीत एक फळी अर्धी आत, अर्धी बाहेर होती. बाहेरच्या अर्ध्यावर निळा पट्टा. बाकीच्यांची राख झालेली. आणि समोर उकिडवा तो, त्याच चुलीवरचा चहा फुंकून पीत बसलेला. टपरीवाल्याकडची लाकडं संपली होती म्हणे, यानेच सांगितलं, घाल ते. ग्लास खालीसुद्धा न ठेवता मला म्हणाला की जुनेच तर होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते मी बोलले, सगळं काही इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता आणि शेजारच्या ड्रायव्हरांकडे बघून हसत होता. एक बाई नाक्यावर ओरडते आहे, एवढाच तो प्रकार होता त्यांच्या लेखी.

आईने घरी काहीच आरडाओरडा केला नाही. बाजाराची पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, आता किनाऱ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यालाच घालते सगळा माल. व्यापारी काय भाव करतो ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण भावापेक्षा मला दुसरंच लागलं. बाजारातली तिची जागा कुणी लिहून दिलेली नव्हती. दोन-चार बाजार चुकले की तिथे दुसरी येऊन बसते, आणि मग ती जागा मागायला गेलं तर भांडण. आईने आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी तेवढी एक जागा कमावली होती. ती या कंगव्यापायी जाणार? मी म्हटलं, थांब. तुला मी असा खोका करून देते की येताना त्याच्या टपाची गरजच लागणार नाही.

वर्कशॉपच्या शेठना विचारलं, उरलेले तुकडे घेऊ का. ते म्हणाले घे, मशीन मोडू नको. लाकूड मी पहिल्या दिवशीच बाद केलं. शेठ म्हणाले प्लायवूड स्वस्त पडेल. मी म्हटलं, लाकूड जळतं.

घडीचा खोका करणं सोपं आहे, असं मला वाटलं होतं. तळाला चारी बाजू बिजागऱ्यांनी जोडल्या, आत पाडल्या की सपाट, उभ्या केल्या की खोका, कोपऱ्यांना कड्या. दिसायला झकास. आईपुढे नेऊन ठेवला. ती त्याच्यावर बसली आणि खोका दमलेल्या बैलासारखा हळूच एका अंगावर बसला, आईसकट. आई उठली, साडी झटकली आणि चुलीकडे गेली. मी म्हटलं, कड्या जाड लावते. जाड लावल्या. खोका यावेळी दुसऱ्या अंगावर बसला. मग आडव्या-तिरप्या पट्ट्या मारल्या. तो उभा राहिला, पण असा जड झाला की एक उचलतानाच आईला देव आठवले. शिवाय पट्ट्या मधे येऊन घडी पडेना. आई म्हणाली, कशाला जिवाला लावून घेतेस? मी दात-ओठ खात तो परत नेला. प्रत्येक रिवेट मारताना मला तो चहाचा ग्लास दिसायचा.

उत्तर माझ्या रोजच्या कामातच होतं आणि मला दिसत नव्हतं. खिडकीची चौकट नुसती असली की हाताने ढकलली तरी तिरकी होते. काच बसवली की हलत नाही. काच नाजूक, चौकट दणकट, पण चौकटीला सरळ धरते ती काच. एकदा एक खिडकी उचलताना हे असं डोक्यात आलं, आणि मी तिथेच खाली ठेवली ती. शेठ ओरडले. मी ज्या कोपऱ्यांमागे लागले होते त्यांच्यात दम असायची गरजच नव्हती. बाजूंनीच एकमेकींना धरायला हवं होतं.

मग कड्या काढून टाकल्या. चौकटीत पातळ पत्रा घट्ट बसवून चार बाजू केल्या. आधी लांबच्या दोन उभ्या करायच्या. त्यांच्या टोकांना मी कोनपट्ट्या लावल्या. आखूड बाजू नंतर उभ्या राहतात, त्या या कोनपट्ट्यांना आतून टेकतात आणि तिथेच अडतात, बाहेर जाऊ शकत नाहीत. लांब बाजूंना आत पडायचं असेल तर मधे आखूड बाजू आडव्या येतात. आणि वरून झाकण, चारी कडा खाली वळवलेलं, ते सगळ्यांना मुठीत धरल्यासारखं धरतं. आत माल भरला की तो आखूड बाजूंना कोनपट्ट्यांवर दाबतो, म्हणजे खोका भरेल तितका घट्ट. बंद करताना सगळं उलट, झाकण, मग आखूड, मग लांब. क्रम चुकला तर काही केल्या मिटत नाही. वाऱ्यासाठी भोकं पाडली, बोटाला पत्रा लागू नये म्हणून कडा घासल्या.

आई बसली. मी डोळे मिटले. काही आवाज आला नाही म्हणून उघडले, तर ती त्यावर मांडी घालून बसली होती आणि शेजारणीला हाक मारत होती, तूही ये म्हणून. दोघी बसल्या. खोका ढिम्म. आईने खुंटीवरची पिशवी काढली.

पहिल्या बाजाराला ती मुद्दाम त्याच जीपने गेली आणि आली. येताना सगळे खोके मिटून पायांखाली घेतले. याने सवयीने टपाकडे बघितलं आणि विचारलं, मावशी, आज खोके नाहीत? आईने नुसते पाय उचलून दाखवले. हे मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. त्याचं तोंड कसं झालं होतं? काय म्हणाला मग? गाडी सुरू केली, म्हणाली. माझं काही समाधान झालं नाही. त्याने आमचे खोके जाळले होते, आणि मी काय केलं, तर त्याच्या टपावरचं ओझं कमी केलं! उलट त्याचंच भलं.

पुढच्याच बाजारात बाकीच्या बायका मागे लागल्या, आम्हालाही करून दे. देते म्हटलं. पण एक अट. जी माझा खोका घेईल तिने त्याच्या जीपमध्ये पाऊल ठेवायचं नाही. जाताना भरलेल्या खोक्यांसाठी सगळ्यांनी मिळून एक टेम्पो करायचा, येताना घडी काखेत मावते, कुठल्याही इकोत बसा. काही कुरकुरल्या, एकीचा तो लांबचा नातेवाईक निघाला. मी म्हटलं, मग नात्यातला लाकडी खोका घे. हो, आडमुठी तर आडमुठी. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, खोके केले. शेवटी तीसुद्धा आली.

आणि मग मजा बघत बसले. बाजाराच्या दिवसाची त्याची हमखास भरणारी फेरी या बायकांचीच होती, हे त्याला तोवर कुणी जाणवून दिलं नव्हतं. नाक्यावर तो हॉर्न वाजवत उभा राहायचा आणि बायका समोरून इकोत चढायच्या. मी वर्कशॉपच्या दारातून बघायचे. एक वाक्य मी तयार करून ठेवलं होतं, रिकामी जीप म्हणजे हवा आणि हवेत आम्ही बसत नाही. ड्रिल चालवताना ते घोकायचे. तो कधीतरी येणार आणि मी ते त्याच्या तोंडावर फेकणार, एवढ्यासाठी मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

तो आला. बाजाराची संध्याकाळ होती, माझं काम सुटलं होतं, आणि आम्ही नाक्यावर इकोची वाट बघत होतो. बायका आपापला खोका उघडून ओळीने बसल्या होत्या, अगदी त्याच टपरीसमोर. याने जीप थांबवली आणि खाली उतरला. कंगवा दिसला नाही. आईकडे येऊन मवाळपणे म्हणाला की मावशी, टप तुमचाच आहे, चला सगळ्या, कुणाला चढायला लागणार नाही, मी बांधतो. मी श्वास घेतला. वाक्य अगदी जिभेवर होतं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

तिने काखेतला दुसरा खोका काढला. लांब बाजू, आखूड बाजू, झाकण. त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली,

“बस.”

तो बसला. काय करणार, सगळ्या बघत होत्या. आधी अंग चोरून बसला, मग खोका हलत नाही म्हटल्यावर टेकला. मग कशाने तरी सुरुवात करायची म्हणून त्याने बोटाने खोका वाजवून बघितला.

“लाकडाचा नाही का हा, मावशी?”

“नाही,” आई म्हणाली. “जळत नाही.”

त्याने टपरीच्या चुलीकडे बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून किती मान आखडून बसला होता ते मात्र मला दिसलं. कुणी हसलं नाही. त्याच्या जीपमध्ये लोक हसले होते, इथे नाही.

तेवढ्यात इको आली. बायका भराभर उठल्या, खोके मिटायला लागल्या. आई त्याच्यापुढे उभी राहिली.

“ऊठ. मिटायचाय.”

तो उठला. मदत करायला म्हणून त्याने झाकण काढलं आणि लांबची बाजू आत दाबली, ती अर्थातच मिटेना. आई हात बांधून थांबली. त्याने हात काढून घेतल्यावर तिने आखूड बाजू पाडल्या, मग लांब, वर झाकण ठेवलं आणि सगळं काखेत मारून इकोत चढली. माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

गाडी वळताना मी मागे बघितलं. तो अजून तिथेच उभा होता आणि बसायला तिथे काही नव्हतं.